कौतुकाच्या फळ्यासमोर कोणी का थांबत नाही?

पत्र

ताई, नमस्कार.

मी चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मानेवाडा रोडकडच्या आमच्या ले-आउटमध्ये एक लहानसं वाचनालय आहे. त्याच्या भिंतीवर मी फळा लावून घेतला आणि रोज सकाळी फिरून आलो की त्यावर चार ओळी लिहितो. बाजूला दूध केंद्र, समोर पानठेला, म्हणून सकाळी वर्दळ असते. लोकांना उमेद मिळावी एवढाच हेतू. दहावी पास झालेल्यांचं अभिनंदन, एखादा सुविचार, कोणी रक्तदान केलं तर त्याचं नाव. या चार वर्षांत फळ्यासमोर एका वेळी पाच माणसं थांबलेली मी पाहिली नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं, 'गणपतीची वर्गणी ५०० वरून ११०० का? मंडळाने हिशोब फळ्यावर लावावा.' आठ वाजेपर्यंत रस्ता अडला. कोणी खडू उचलून खाली लिहिलं, कोणी ते पुसलं, रात्री नऊ जण घरी आले. खोटं सांगत नाही, मला फार बरं वाटलं. त्या भरात पुढच्या आठवड्यात लिहिलं, 'वाचनालयासमोर रोज गाडी आडवी लावणाऱ्यास शरम आहे काय?' नाव नव्हतं, पण तशी गाडी एकाचीच. लोक हसले, फोटो काढून मोबाइलवर फिरवले. ते गृहस्थ रोज संध्याकाळी साडेसातला माझ्या दारावरून घरी जातात, आता राम राम केला तरी मान वर करत नाहीत. त्यांचा सातवीतला मुलगा दर शनिवारी पुस्तक बदलायला यायचा. दोन शनिवार झाले, आला नाही.

परवा लिहिलं की आपल्या भागातल्या सफाई कामगार बाईंनी कचऱ्यात सापडलेली सोन्याची साखळी परत केली. 'प्रामाणिकपणा हाच खरा दागिना. हार्दिक अभिनंदन.' एकही माणूस थांबला नाही. पानठेलावाला म्हणाला, "सर, मागच्यासारखं काही लिहा ना जी, मजा येते." नातवाचंही तेच म्हणणं. बायको म्हणते, फळा बंद करा. लोकांना चांगलं नकोच असतं का? मी काय लिहू?

एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर

सर, नमस्कार.

तुम्ही इतकी वर्षं शाळेत काढलीत, म्हणून आधी शाळेतलंच विचारते. सहामाहीचे पेपर वाटल्यावर तुमच्या टेबलाभोवती कोण यायचं? ज्याचा अर्धा मार्क कापला गेला तो. "सर, हेच उत्तर त्यानं लिहिलं, त्याला पूर्ण दिले." त्याच्यामागे त्याचे दोन मित्र, आणि मग ज्यांचा काही संबंध नाही असे आणखी चार. आणि ज्याच्या वहीत तुम्ही लाल शाईनं 'अक्षर छान, असंच ठेव' असा शेरा दिला होता, तो कधी टेबलापाशी येऊन म्हणाला का, की सर, शेरा वाचला, बरं वाटलं? तो वही मिटून घरी गेला. पण त्याच्या वहीचं पुढचं पान आठवा. त्या पानावर पट्टीनं समास आखलेला असायचा, वेलांट्या सरळ असायच्या. शेऱ्याचं उत्तर त्यानं तिथे दिलेलं असायचं.

चार वर्षं तुम्ही टेबलाभोवतीची गर्दी मोजताय, सर. पुढचं पान तुमच्या हाती येत नाही, कारण फळा वाचणारा माणूस वही आणून दाखवत नाही. तो दुधाची पिशवी घेऊन घरी जातो. त्यामुळे 'कोणी थांबलं नाही' यावरून 'कोणाला काही झालं नाही' असं तुम्ही काढलेलं अनुमान मला मान्य नाही. तुमच्या वर्गात एखाद्या मुलानं असं अनुमान काढलं असतं तर तुम्ही त्याला पुन्हा गणित करायला लावलं असतं.

तरीही तुमचा प्रश्न खरा आहे. गर्दी वादापाशीच का होते?

त्यातला काही भाग आपल्या हातातला नाही. माणसाचं लक्ष वाईटाकडे आधी जातं. २००१ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले ढीगभर मानसशास्त्रीय अभ्यास एकत्र वाचून लेख लिहिला. नवरा-बायकोचं नातं असो, शिकणं असो की मित्रांमधला व्यवहार, वाईट प्रसंगाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल पडतो, हेच त्यांना जागोजागी दिसलं. याचं कारण आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. झाडावरचं पिकलेलं बोर आज नजरेतून सुटलं तर उद्या दुसरं मिळतं. धुऱ्यावरचा साप नजरेतून सुटला तर पुढचं सांगायला नको.

पैशाचंही तसंच. डॅनियल कानेमन आणि अमोस त्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की तेवढीच रक्कम मिळाल्याचा आनंद आणि गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं. पुढे त्यांनी ते मोजलं तेव्हा जाण्याचं वजन मिळण्याच्या सुमारे दुप्पट भरलं. आता तुमचे दोन फळे शेजारी ठेवून पाहा. वर्गणीच्या फळ्यावर प्रत्येक घराच्या खिशातून जास्तीचे जाणारे ६०० रुपये होते. साखळीच्या फळ्यावरचा आनंद ज्या एका घराची साखळी होती त्या घराचा होता, बाकीच्यांना तो दुरून पाहायचा होता. लोक वर्गणीपाशी थांबले यात त्यांच्या मनाचा खोटेपणा मला कुठे दिसत नाही.

आणखी एका अभ्यासाचं सांगते, कारण त्यातली दुसरी अर्धी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये १७ देशांतल्या हजाराहून जास्त लोकांना टीव्हीवरच्या बातम्या दाखवून त्यांचे हृदयाचे ठोके आणि त्वचेवरचा घाम मोजला गेला. सरासरी काढली तर वाईट बातमीला शरीर जास्त जागं होत होतं. पण माणसामाणसात फरक खूप मोठा होता. कित्येकांचं शरीर वाईट बातमीला विशेष दाद देत नव्हतं, काहींचं तर चांगल्या बातमीलाच जास्त जागं होत होतं. अशी माणसं तुमच्या ले-आउटमध्येही आहेत. ती गर्दीत उभी राहत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

पण मला यापेक्षा मोठं कारण वेगळं वाटतं, आणि ते तुमच्या हातातलं आहे.

वादाचं वाक्य अर्धवट असतं. '५०० चे ११०० का?' हे वाचणाऱ्याला ते पुरं करावं लागतं. मंडळाचा माणूस असेल तर त्याला उत्तर द्यावंच लागतं, कारण तो गप्प राहिला तर चोर ठरतो. वर्गणी न देणारा असेल तर त्याला आयतंच बळ मिळतं. ज्याला दोन्हीशी घेणंदेणं नाही तो निदान 'मागच्या वर्षी मांडवाचे किती गेले होते?' एवढं तरी विचारतो. प्रत्येकाला त्या वाक्यात पाऊल ठेवायला जागा आहे. आता 'प्रामाणिकपणा हाच खरा दागिना' हे वाचा. यात कुठे जागा आहे? ते पूर्ण आहे, खरं आहे, आणि त्याला जोडायला कोणाकडे काही नाही. फार तर 'हो, खरंच' म्हणता येईल, आणि तेवढ्यासाठी कोणी खडू उचलत नाही. लोक फळ्याशी भांडले नाहीत, म्हणजे त्यांनी तो मान्य केला, हेही एक उत्तरच आहे. फक्त त्याचा आवाज होत नाही.

आपल्या घरांत तर तो आवाज कधीच होत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं की पहिल्या घासाला सांगितलं जातं. मीठ नेमकं पडलं तर मिठाचं नाव कोणी काढत नाही, पोळी जरा जास्त जाते एवढंच. लेकराचं कौतुक तोंडावर करू नये, शेफारतं, दृष्ट लागते, असं ऐकतच आपण मोठे झालो. वडिलांनी माझं कौतुक केलेलं मला नेहमी शेजाऱ्यांकडून कळलं. फार झालं तर 'बरं आहे' म्हणायचे, आणि त्या 'बरं आहे'वर मी आठ दिवस काढायची. कौतुक बोलून दाखवण्याची आपल्या जिभेला सवय नाही. ती सवय फक्त आपल्याच जिभेला नाही असंही नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. त्यांनी लोकांना ज्याचे उपकार वाटतात त्याला आभाराचं पत्र लिहायला सांगितलं आणि आधी अंदाज विचारला, की ते वाचून त्याला कसं वाटेल. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, त्याला अवघडल्यासारखं होईल, फारसा आनंद होणार नाही. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना कितीतरी जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्याहून कमी होतं. तुमच्या फळ्यासमोरून गेलेल्या किती जणांच्या मनात 'सर रोज लिहितात, एकदा सांगायला पाहिजे' असं येऊन गेलं असेल. सांगायचं कसं, हे न सुचून ते पुढे गेले.

आता थोडं कठोर बोलते, सर, कारण तुम्ही विद्यार्थ्यांशी तसं बोलला असालच. तुमच्या कौतुकात माणूस दिसत नाही. 'हार्दिक अभिनंदन' हे शब्द लग्नाच्या बॅनरवर असतात, नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकावर असतात, नवीन दुकानाच्या फुगेवाल्या कमानीवर असतात. डोळा ते वाचतच नाही, वरून घसरतो. वर्गणीच्या फळ्यावर मात्र दोन आकडे होते, एक मंडळ होतं आणि तुमचा स्वतःचा राग होता. तो फळा तुम्ही जिवंत लिहिला होतात. साखळीचा फळा तुम्ही कर्तव्य म्हणून लिहिलात असं मला वाटलं.

जोना बर्गर आणि कॅथरिन मिल्कमन या दोघा संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्समधले जवळपास ७,००० लेख तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला, की लोक कोणता लेख दुसऱ्याला पाठवतात. आपल्या समजुतीच्या उलट, चांगल्या भावनेचे लेख एकंदरीत जास्त पाठवले गेले. संतापाचे आणि काळजीचे लेखही खूप पाठवले गेले. वाचून माणूस थक्क होईल अशा लेखांचा जोरही जवळपास संतापाच्या लेखांइतकाच होता. मागे पडले ते नुसते उदास करणारे. म्हणजे माणसाला हलवणारं लिहिलंय की नाही, हा खरा प्रश्न. राग माणसाला सहज हलवतो, त्याला फार कौशल्य लागत नाही. कौतुकानं हलवायचं तर जास्त मेहनत करावी लागते, आणि ती मेहनत तुम्ही करावी असं मला मनापासून वाटतं.

त्या सफाई कामगार बाईंना जाऊन भेटा. त्यांना विचारा, साखळी ओल्या कचऱ्यात होती की सुक्या? किती वाजता दिसली? ती दिसल्यावर पहिल्या क्षणी मनात काय आलं? कोणाची आहे हे कसं शोधलं, किती दारं वाजवली, कोणत्या दारानं आधी हाकलून दिलं? ती साखळी त्यांनी दुपारपर्यंत कुठे सांभाळली, पदराला बांधली की डब्यात ठेवली? तुम्ही विचारलंत तर त्या सांगतील, आणि त्यातलं एक वाक्य असं असेल की तुम्हाला 'दागिना' हा शब्द वापरावासा वाटणार नाही. तेच वाक्य फळ्यावर लिहा, त्यांच्याच शब्दांत. त्यांचं नाव लिहायचं की नाही हे मात्र त्यांना विचारून ठरवा. नाव झाल्यानं त्रास होण्याची भीती त्यांना असू शकते.

आणि मग खाली एक ओळ अशी लिहा की वाचणाऱ्याला काहीतरी करता येईल. कचऱ्यातून साखळी शोधणारे हात फुटलेल्या काचाही उचलतात. 'आजपासून फुटकी काच जाड कागदात बांधून, वर लिहून, वेगळी देऊ या का?' असं विचारा. याला उत्तर देता येतं. कोणी म्हणेल देऊ, कोणी म्हणेल आम्ही देतोच, कोणी म्हणेल हातमोजे कोणी द्यायचे ते आधी बोला. वादही होईल, होऊ द्या. त्या वादानं त्या बाईंचं काही वाईट होणार नाही, झालं तर भलंच होईल.

तुमच्या भागातली एखादी मुलगी पोलीस भरतीची तयारी करत असेलच. 'प्रयत्नांती परमेश्वर' वाचून तिला काय मिळणार? तिला ८०० मीटर धावायचं आहे आणि गोळा फेकायचा आहे. तिला पहाटे साडेपाचला मैदानावर घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस हवा आहे. फळ्यावर लिहा, 'मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे वेळ मोजायला कोण येऊ शकतं?' निवृत्त माणसं, साखर वाढली म्हणून चालायला निघणारी माणसं, रिकामपण खायला उठलेली माणसं, कितीतरी निघतील. त्यातल्या एकानं जरी हात वर केला तरी ते चार वर्षांतलं सगळ्यात मोठं उत्तर समजा.

आपल्या नागपूरला हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी पाहायला मिळतात, आणि तो दिवस आता जवळ आलाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. सव्वाशेहून जास्त वर्षांची ही प्रथा. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांच्या मनात जो राग साचला असेल त्याचे पुतळे, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, कधी कुठल्या पुढाऱ्याचे. इतवारी-महालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हा घोष लहानपणी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आईचा पदर घट्ट धरला होता. गर्दीचं रूप पाहायचं तर ते पाहावं. पण नागपूरकरांनी त्या रागाला एक दिवस नेमून दिलाय, मिरवणुकीचा मार्ग नेमून दिलाय, आणि शेवटी मारबत, बडगे सगळं जाळून टाकायचं असंही ठरवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी कोणी तो पुतळा घरी आणून दारात उभा करत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून आणतात, कोणी शेतकरी होतं, कोणी शिवाजी महाराज, कोणाच्या बैलाला चाकं असतात आणि एक हमखास निखळलेलं असतं. दारोदार फिरतात आणि घरोघरचे लोक त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. इथे गर्दी मारबतीसारखी नसते, घोषणा नसतात. पण या कौतुकाला एक रूप आहे, सर. दारात बैल आला की तुम्हाला उठावं लागतं, बैलाकडे पाहावं लागतं, 'शिंगं कोणी रंगवली?' असं विचारावं लागतं आणि मुलाच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. नुसतं 'हार्दिक अभिनंदन' म्हणून दार लावता येत नाही. म्हणून तो बोजारा देणाऱ्यालाही लक्षात राहतो आणि घेणाऱ्यालाही. माझा लाकडी बैल अजून माझ्या घरी आहे. त्याची शिंगं कोणी रंगवली हे मला कोणकोणत्या घरी विचारलं गेलं, ते मी आजही सांगू शकते.

तुम्ही फळ्याचं कौतुक तान्ह्या पोळ्यासारखं करा, एवढंच माझं मागणं.

वाद सोडून द्या असं मात्र मी सांगणार नाही. वर्गणीचा फळा चांगला होता. ज्या पैशाचा हिशोब लागत नाही तो विचारणं हे शिक्षकाचंच काम आहे, आणि वहिनींचं ऐकून तुम्ही फळा बंद केलात तर मला वाईट वाटेल. वाद आणि उमेद ही दोन वेगळी दुकानं आहेत असं मी मानत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा त्यातला शब्द न् शब्द प्रस्थापितांशी वाद होता. पण ज्यांचं म्हणणं कोणी ऐकतच नव्हतं त्यांना तो वाद वाचूनच धीर येत होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याच नागपुरात लाखो माणसं दीक्षा घ्यायला जमली, ती नुसत्या वादासाठी जमली असती तर दुसऱ्या दिवशी पांगली असती. त्यांना जगण्याची नवी रीत मिळाली होती. दरवर्षी दीक्षाभूमीवर येणारी माणसं आणि पिशव्या भरभरून त्यांनी नेलेली पुस्तकं तुम्ही पाहिलीच असतील. वाद कोणाच्या बाजूनं आहे, आणि तो झाल्यावर कोणाच्या हातात काय उरतं, हे मी बघते.

म्हणून मंडळाचा हिशोब आला की तोही तितक्याच मोठ्या अक्षरात लावा. खर्च खरंच वाढला असेल, मांडव, वीज, वाजंत्री सगळंच महागलंय, तर 'हिशोब पाहिला, पटला' असं लिहायला कचरू नका. त्या दिवशी गर्दी होणार नाही. तरी लिहा.

आता गाडीचं. पत्रात तुम्ही ते मधेच टाकलंत आणि पुढे गेलात, पण मला वाटतं हे पत्र तुम्ही त्याचसाठी लिहिलंत.

मी हे सदर लिहायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका सुनेचं पत्र आलं होतं. तिचंही थोडं चुकत होतं आणि सासूचंही. मला माहीत होतं की सासूची बाजू घेऊन सुनेला चार शब्द सुनावले की पत्रांचा पाऊस पडेल. मी तसं केलं. पत्रं आली, टेबलावर ठेवायला जागा पुरली नाही. संपादकांनी पाठ थोपटली. त्या मुलीचं पुन्हा पत्र आलं नाही. ती कुठे आहे, तिचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. तुम्हाला त्या दिवशी जे 'बरं' वाटलं ते मला नेमकं ठाऊक आहे, सर, आणि ते पुन्हा हवंसं वाटतं हेही. माझ्या वेळी जायला पत्ता नव्हता, तिनं दिलाच नव्हता. तुमचे गृहस्थ रोज साडेसातला तुमच्या दारावरून जातात.

वर्गणीचा फळा एका व्यवहारावर होता, उत्तर द्यायला मंडळाकडे दहा माणसं होती आणि खडूही तिथेच होता. गाडीच्या फळ्यावर माणूस एकटा होता आणि त्याला शरम आहे का असं तुम्ही विचारलं होतंत. या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? खडू उचलून 'आहे' लिहिणार? तो तुमच्या दाराशी येऊन भांडला असता तर मला कमी काळजी वाटली असती. गाडी आडवी लावणं चूकच, ते सांगायला हवंच होतं. पण ते दारावर जाऊन पाच मिनिटांत सांगता आलं असतं, आणि सगळ्या ले-आउटपुढे सांगितल्यानं ते त्याच्या मुलालाही सांगितलं गेलं.

दिलगिरी फळ्यावर लिहू नका. मला माहीत आहे, शिक्षकाला वाटतं की जिथे चुकलो तिथेच दुरुस्ती करावी. पण तुम्ही उद्या सकाळी तिथे माफी लिहिलीत तर पुन्हा गर्दी होईल, पुन्हा फोटो निघतील आणि त्या माणसाचं नाव दुसऱ्यांदा चौकात येईल. नातवालाही सोबत नेऊ नका. एकटे त्यांच्या घरी जा, चपला काढा, बसा. गाडी कुठे लावायची अडचण आहे का हे विचारा, त्यांना खरंच दुसरी जागा नसेल. तुम्ही लिहिलं ते चुकलं, एवढं एकच वाक्य बोला. त्याला 'पण' जोडू नका. ते काही बोलले तर ऐकून घ्या, नाही बोलले तरी चहा झाल्याशिवाय उठू नका. फळ्यावर काही लिहावं असं त्यांना वाटतं का, ते त्यांनाच विचारा आणि ते नको म्हणाले तर तिथेच सोडा.

उद्या फळा कोरा राहिला तरी चालेल. आज साडेसातला जा. त्या मुलाकडे वाचनालयाचं पुस्तक बाकी असेल, ते मागायला आलात असं त्याला वाटू देऊ नका. पुढच्या पुस्तकाचं नाव सुचवून या.